गारेचं माप

मी धामणधऱ्याचा कोतवाल.
पंचनाम्याची पिशवी माझ्या खांद्यावर, टेप खिशात.
तलाठी मॅडम पुढे, ओढणी नाकाला.
पिंपळाखालून जायचं होतं,
आणि मेलेले पोपट तिसऱ्या दिवशी वास मारतात.

गारांचा महिना फागुन.
तेव्हा आम्ही मोह वेचतानाही एक कान ढगाकडे ठेवतो.
मार्गशीर्षात कोण ठेवतं?
दुसरा गुरुवार होता, घरोघरी घट मांडलेले,
तुरीला फूल, कापूस दुसऱ्या वेच्याला आलेला,
आणि चार वाजता टिनांवर
कुणी ट्रॉलीभर गिट्टी रिकामी करावी तसं.

मग ती सोंड.
नाल्यापलीकडच्या बरडावरून डुलत आली, काळी, बारीक.
दमडू गायकी म्हणतो, "पाणी प्याले उतरली होती जी, हत्तीवानी."
शाळेचं टिन तिनं रुमालासारखं घडी घालून
टाकीवर ठेवलं.
अंगणवाडीचा वजनकाटा अर्ध्या कोसावर चिंचेत सापडला,
काटा साडेअकरा किलोवर अडकलेला.
आमच्या गावात साडेअकरा किलोचं लेकरू नाही.
मी आठवून पाहिलं.

फॉर्मात एक ओळ आहे: गारेचा आकार.
"सांगा," मॅडम म्हणतात.
"बोराएवढी," किराणावाला.
"आवळ्याएवढी," त्याची माय, आतून, रागानं.
पार्बता मेश्राम काही बोलत नाही,
फुटक्या टोपल्यातून एक अंडं काढून दाखवते.
अकरा कोंबड्यांपैकी ते एक अंडं उरलं.
किसन लोहार म्हणतो, "मले मोजाले वेळच नोयता,
मी ऐरणीखाली डोकं घालून होतो."
मॅडम पेन उचलतात. ठेवतात.
"आणि तुझं घर?" मला विचारतात.
"माझं शेवटी लिहू."

त्या संध्याकाळी वावरात सगळंच पांढरं होतं.
कापूस कुठला, गार कुठली, दिसेना.
बाया तरी गेल्या, ओटी बांधून, जे हाती येईल ते वेचायला.
शेवंताची ओटी अर्धी भरली
आणि पोटाला गार लागलं.
तिनं गाठ सोडली. पांढरं खळखळत खाली गेलं,
थोडंसं ओटीलाच चिकटून राहिलं, ते बोंडातलं.
ती हसत सुटली. मग इतक्या वेळ हसली
की जावेनं तिला धरून घरी आणलं.
याचा रकाना नाही.

पशुधनात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी.
पोपट नाहीत. मी तरी मोजले, बॅटरीच्या उजेडात.
दोनशे चौदा.
हिरव्या रंगाचा एवढा ढीग
मी फक्त भाजीबाजारात पाहिला होता.

शेवटचं घर टेकामांचं.
बाप आर्णीला बर्फाच्या कारखान्यात हमाल,
म्हणून नऊ वर्षांच्या आचलला ठाऊक,
बर्फ लाकडाच्या भुशात टिकतो.
तिनं एक गार तेलाच्या डब्यात भुसा दाबून ठेवली होती,
डबा रांजणाआड,
तीन दिवस, कोणाला हात लावू न देता.
"सायब येतीन तं दाखवाले लागन ना."

झाकण निघालं.
ओला भुसा. चिंब, काळपट.
पोरीचा चेहरा मी पाहिला नाही, टेप शोधत राहिलो.
"पहा ना जी," ती म्हणाली.
मॅडम वाकल्या. मीही वाकलो.
भुशाच्या मधोमध एक खळगा होता,
काठ अजून ढासळले नव्हते,
आत कुणी गोलसर झोपून उठून गेल्यासारखा.

मॅडमनी हात पुढे केला. मी टेप दिला.
श्वास रोखून, भुशाला न लागता,
त्यांनी तो खळगा मोजला.
साडेसहा सेंटिमीटर.
लिहिलं.

पोरीनं झाकण पुन्हा लावलं,
तळहातानं ठोकून, घट्ट,
आणि डबा रांजणाआड सरकवला.