म्हणून

मिझुरीचा नकाशा पाहिलात तर खाली बुटाची टाच दिसेल.
आम्ही त्या टाचेत राहायचो.
बाबांचं दुकान: रेडिओ, टोस्टर, बहिऱ्यांची यंत्रं,
कपाशीच्या दिवसांत कुणाकुणाचे वजनकाटेसुद्धा.

कॉय प्रूइट आला मंगळवारी, गिटार पोत्यात गुंडाळून.
म्हणाला, लेम्युअल, मेम्फिसच्या या तबकडीवर
माणूस एक आहे आणि गिटारी दीड.
ती अर्धी कुठून येते, तेवढं सांग.

शोधून झालं होतं त्याचं सगळीकडे.
शाळेच्या जिन्यात. सरकीच्या रिकाम्या गोदामात.
बहिणीच्या न्हाणीघरात, मेव्हणा बाहेरून दार बडवत असताना.
पाण्याच्या टाकीत तर कमरेपर्यंत वाकून वाजवलं.
घुमतं रे, म्हणाला, पण ओ देत नाही.
मला ओ हवी.

बाबांनी तबकडी तीनदा ऐकली.
तिसऱ्यांदा सुई उचललीच नाही,
शेवटची खरखर ऐकत बसले बराच वेळ.
मग म्हणाले, याला खोली लागत नाही. उशीर लागतो.

टेपच्या यंत्राला डोकी असतात.
एक पुसतं, एक लिहितं, एक वाचतं.
लिहिणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंत दोन बोटांची वाट.
स्वर तेवढी चालून येतो
तोवर वाजवणारा पुढे गेलेला असतो.

नीवा, हातभर टेप काप, मला म्हणाले,
टोकं जुळव, जोड तिरका दे,
नाहीतर दर फेरीला ठेच लागेल.
आईची शिवणाची कात्री. मी अकरा वर्षांची.
फळीवर दोन रिळं होती, एक कोरं.
मी दुसरं घेतलं.

दुसऱ्यावर रेव्हरंड स्टॅम्प्स होते.
अंथरुणाला खिळलेल्या मिस ओटिलीसाठी
बाबा दर रविवारी प्रवचन भरून आणायचे,
बुधवारी तिला ऐकवायचे.
मी ते बरोबर मधे कापलं.

शनिवारी, जुन्या सैनिकांच्या हॉलमध्ये,
कॉय आधी भांडलाच त्या यंत्राशी.
हा धावतोय, ते मागून हाका मारतंय,
नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांवर.
कुणीतरी ओरडलं, बंद कर ती पेटी!
कॉयने कपाळ पुसायला रुमाल काढला,
दोन्ही हात गिटारीवरून उचललेले,
आणि गिटार वाजली.

तो रुमाल हातातच राहिला.
मग त्याने एक स्वर दिला, थांबला. दोन दिले, थांबला.
मुलाला पाढे शिकवणारी आई
शेवटचा आकडा त्याच्यासाठी सोडते, तसं.

एका थांब्यात मला ते ऐकू आलं.
जोडापाशी टेप केसभर उचलली जायची,
तेवढा तुकडा पुसायचा राहिला होता.
गिटारीच्या खाली, खूप खाली,
रेव्हरंड स्टॅम्प्स म्हणत होते: म्हणून.
एक फेरी. म्हणून.
आधीचं काही नाही, पुढचं काही नाही.
ड्रमवरच्या पोराने छताकडे पाहिलं.

बुधवारी मिस ओटिली बाबांना म्हणाली,
लेम्युअल, पाद्री पाप सांगतात आणि एकदम क्षमेवर येतात.
मधलं 'म्हणून' कुठाय?
बाबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी माझ्या बुटांकडे.

नवी टेप लावून देतो, बाबा कॉयला म्हणाले.
हात लावू नकोस, कॉय म्हणाला,
मी ताल त्याच्यावर धरतो.

मिस ओटिलीला मी कधीच सांगितलं नाही.
पण ड्रमवरचा पोरगा तिचा नातू.
मे महिन्यात एका शनिवारी
चार जणांनी तिला खुर्चीसकट उचलून
हॉलच्या दारात आणून ठेवलं.
सिगारेटींचा धूर, बिअर सांडलेली, पोरींचे उघडे खांदे.
तिने डोळे मिटून एक अख्खं गाणं ऐकलं,
मधेच एकदा मान हलवली,
आणि म्हणाली, सापडलं. आता घरी न्या.