जुळे सोलापूर, प्लॉट एकवीस

चौथ्यांदा आलोय या घरात, त्याच तक्रारीसाठी.
व्यंकम्मा चिट्याल दार हातानंच उघडतात,
कारण बेल मुलाच्या कंपनीची
आणि कुलूप मुलीच्या.
बेल म्हणते, कुणीतरी आलंय.
कुलूप म्हणतं, माझ्यापर्यंत काही आलं नाही.

मुलगा हैदराबादला. त्यानं धाडले
दिवे, बेल, नळाला पाणी आलं की कळवणारा सेन्सर.
मुलगी पुण्यात. तिनं कुलूप, पंखे
आणि मोटर चालू-बंद करणारा स्विच.
दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.
तसंही वर्षभर बोलणं कमीच आहे.

आता फ्रिजवर दोन पांढरे डबे,
शेंगाचटणीच्या बरणीच्या दोन बाजूंना.
एक निळा डोळा मिचकावतो, एक हिरवा.
माझ्या मोबाइलात दोन अ‍ॅप, दोन पासवर्ड,
दोन्हीकडं घराला नाव मात्र एकच दिलेलं:
अम्मा.

पाणी पाचव्या दिवशी. वेळ महापालिकेच्या मर्जीची.
मंगळवारी आलं रात्री पावणेतीनला.
सेन्सरनं पाहिलं, हैदराबादला कळवलं.
हैदराबाद झोपलेलं.
मोटर तिथंच, नळापासून चार फुटांवर,
पुण्याच्या हुकमाची वाट बघत.
समोरच्या गच्चीतून नसरीनभाभी ओरडत होत्या,
"अम्मा, नल आया, नल!"
पण बेलला फक्त बटण कळतं.
साडेचारला पाणी गेलं.

यादगिरीमामा बनियनवर बसून हसतात.
"का बे, एवढं शिकलेलं मशीन, त्याला तेलुगू येत नाही?"
येतं की मामा. ह्याला तेलुगू, त्याला मराठी.
एकमेकांचं येत नाही.
ते खिडकीकडं बोट करतात:
भाजीवाली भाव सांगतेय कन्नडात,
अम्मा घासाघीस करतायत तेलुगूत,
हिशेब मराठीत, वैताग उर्दूत.
मेथी घरात येतेच.

दोन्ही कस्टमर केअरला फोन लावला.
हा म्हणाला, अडचण त्यांच्या बाजूनं आहे.
तो म्हणाला, त्यांच्या.
होल्डवरची धून दोघांची एकच.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, कानाला मोबाइल भाजत होता.

मग मामांनी पलंगाखालून काढली
सुतळीत ओवलेली जुनी पंचकार्डं,
मोराच्या चादरीची.
मालकानं दुसऱ्या मेकचं जेकार्ड आणलं
तेव्हा भोकं जुळेनात, म्हणाले,
मोराची मान पिसाऱ्यात जायची.
"मग?"
"मग काय. तीन रात्री बसलो, दाभणानं नवी भोकं पाडली.
मशीनवाला म्हणाला, वॉरंटी गेली.
मोर उभा राहिला पण.
थोडा तिरका."

माझ्या पेटीत दाभण नाही.
टेस्टर आहे, पक्कड आहे, इन्सुलेशन टेप आहे.
दोन्ही डबे उलटे करून बघितले,
कुठं एक स्क्रूसुद्धा नाही.

"राहू दे तम्मुडू," अम्मा म्हणाल्या,
आणि अंगणातल्या नळाची तोटी सोडून ठेवली.
खाली स्टीलचं ताट. पालथं.

रविवारी तीन दहाला ताट वाजलं.
अम्मा उठल्या, अंधारात भिंत चाचपत
मोटरचं बटण दाबलं.
हैदराबादच्या मोबाइलवर उमटलं: पाणी आलं.
पुण्याच्या मोबाइलवर: मोटर चालू.
अर्धी बातमी तिकडं, अर्धी इकडं,
सकाळी दोघांनी वाचली असेल.

माझं बिल बाकी आहे अजून.
सहाशे रुपये, चार फेऱ्यांचे.
तो म्हणतो, ताईकडून घ्या.
ताई म्हणते, त्यालाच विचारा ना तुम्ही,
आणि विचाराल तेव्हा
बरा आहे का, तेही विचारा.