दोन सूत

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात, सहा नंबरच्या खोलीत
सतरा वर्षं मी एकच वाक्य बोलतेय:
हलू नका, श्वास धरा.
मग बटण.
मग, सोडा.

इथे एक्स-रे कुणी म्हणत नाही, फोटो म्हणतात.
केशरबाई पदर सारखा करून बसली होती.
म्हटलं, मावशी, यात पदर येत नाही.
न्हाणीत पाय घसरला, तिने हात टेकला
आणि मनगट पळीसारखं वाकून राहिलं.
बांगड्या कापताना रडली ती,
हाडासाठी नाही.

कोणता महिना चालू आहे
ते मला काचेवरच्या उजेडात कळतं.
केळीची कापणी सुरू झाली की खांदे येतात,
घड उचलताना उखळीतून निसटलेली मुसळं.
चारोळी पिकली की वैजापूरकडची पोरं येतात.
कोवळं हाड धड तुटत नाही,
निंबाच्या ओल्या काडीसारखं एका अंगाने फाटतं,
दुसऱ्या अंगाने नुसतं वाकून घेतं.
लग्नसराईत हासळ्या आणि नडग्या,
एकाच मोटरसायकलवरच्या तिघांच्या.
आणि म्हातारी माणसं बारा महिने,
उभ्या उभ्या मोडलेली,
वाळल्या पऱ्हाटीसारखी.

जन्मताना तीनशेच्या आसपास असतात,
मग जुळत जुळत दोनशे सहा उरतात.
परीक्षेत हे लिहून मी पास झाले.
सासूबाईंनी विचारलं, बाकीची कुठे गेली?
म्हटलं, एकमेकांत गेली.
"मग घरासारखं नाही ते," त्या म्हणाल्या
आणि लसूण सोलत राहिल्या.

मंगळवारी छोट्या हत्तीत, गोधडीवर
अडावदचे सुपडू आबा आले.
उजवा पाय आखूड, पंजा बाहेर वळलेला.
चाळीस गावांची हाडं बसवलेला माणूस
माझ्या टेबलावर छत बघत पडला होता.
"फोटो काढानं काय काम?
खुबा शे. मान तुटनी."
स्वतःविषयी बोलत होते,
एखाद्या शेजाऱ्याविषयी बोलावं तसं.

मी नाव सांगितलं. बापाचं सांगितलं.
केळीच्या ट्रॉलीवरून पडलेली नऊ वर्षांची पोरगी,
उडदाचं पीठ, बांबूच्या कामट्या,
जुन्या धोतराच्या पट्ट्या.
आठवेना त्यांना.
"दखाड तुना हात."

बोटं थरथरत होती, माझ्या मनगटावर येईपर्यंत.
टेकली आणि थांबली.
अंगठा हाडावरून सरकत गेला,
कापडाचा पोत बघावा तसा,
आणि एका जागी, जिथे थंडीत मला अजून ठणकतं,
तिथे नेमका उभा राहिला.

"दोन सूत वाकडं ऱ्हायनं.
तू हालनी व्हती."

हो, हलले होते.
रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजली होती
आणि त्यांनी बजावलं होतं, हालू नको.
हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं,
आईलासुद्धा नाही. आई वीस वर्षं
सुपडू आबालाच दोष देत राहिली.

शिशाचा एप्रन चढवून मी पडद्यामागे गेले.
हलू नका आबा, श्वास धरा.
पहिला फोटो पुसट आला. हसले होते ते.
दुसरा स्वच्छ:
मांडीच्या हाडाची मान तुटलेली, त्यांनी सांगितली तिथेच,
गोटा आपल्या वाटीत जागच्या जागी,
खालचं सगळं वर सरकलेलं.
खुब्याची वाटी इतकी गोल
की मी बघत राहिले.
किती वेळ, कुणास ठाऊक.
बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं,
अजून पाच जण बाकी होते.

टेबलावरून आवाज आला, दाबलेला, आज्ञाधारक:
"सोडू का आते?"