दीड हात

आमच्या घरात दोनच कडक नियम:
देवाजवळ जाताना चप्पल काढायची,
कूलरला हात लावताना घालायची.
दोघांमध्ये अंतर दीड हात.
नंदनवनातल्या या दोन खोल्यांत
त्याहून जास्त जागा कोणाच्याच वाट्याला आली नाही.

सासरे वीज मंडळातले रिटायर लाईनमन.
अख्ख्या सक्करदऱ्याचे फ्यूज बांधले त्यांनी,
पण या लोखंडी पेटीतला करंट
काही त्यांच्याच्यानं जात नाही.
"झटका नाही तो," म्हणतात,
"मुंग्या हायेत. रक्त फिरते त्यानं."
दर एप्रिलला नव्या ताट्या ठोकतात,
पंप उलटा करून फुंकतात,
आणि पहिली गार झुळूक आली की
आमच्याकडे असे बघतात
जशी काश्मिरातून त्यांनीच खांद्यावर आणली.

कूलर लागला की ऐकू येणं बंद.
मी म्हणते, दळण आणायचं आहे.
नवरा म्हणतो, वळण? कोणाचं?
मुक्ता सांगते, गणितात कमी पडले.
आजी म्हणते, पडली? कुठं पडली? हळद लाव.
मे महिनाभर आम्ही एकमेकांवर
असं ओरडून, अंदाजानं प्रेम करतो.

फक्त संध्याकाळी सातला
सासूबाई वात पुढं सरकवतात, हुकूम सुटतो:
"बंद करा गा तो राक्षस.
दिवा विझून राहिला माझा."
पंखाही बंद.
भिंती दिवसभराचं ऊन परत करू लागतात.
घामाचा थेंब मानेवरून निघतो,
कमरेपर्यंत पोचायच्या आत आरती संपली पाहिजे.
नवरा एक कडवं गाळतो.
सासूबाई पुन्हा पहिल्यापासून धरतात.
फोटोतला टेकडीचा गणपती
शेंदरातून पाझरल्यासारखा दिसतो.
बारा वर्षं माझी प्रार्थना एकच:
आटप रे बाबा लवकर.
आणि ती त्यानं रोज ऐकली,
हे कबूल केलं पाहिजे.

पण या घरातलं जे काही खरं
ते याच दहा मिनिटांत बोललं गेलं.
नणंदेनं परस्पर ठरवलेलं लग्न.
माझी ती गाठ, जी पुढं काहीच निघाली नाही.
सासऱ्यांनी सोसायटीच्या निवडणुकीत
स्वतःलाच मत द्यायला विसरल्याची कबुली.

त्या मंगळवारी कापूर विझला,
मुक्ता बटणाकडं निघाली,
आणि नवरा म्हणाला,
"बुटीबोरीची कंपनी एक तारखेपासून बंद होऊन राहिली."

कोणीच "आँ?" म्हटलं नाही.

मुक्ताचा हात बटणाजवळून परत आला.
शेजारी पोटेकाकूंच्या कुकरनं शिट्ट्या दिल्या,
मी चार मोजल्या.
सासूबाईंनी दिव्यात तेल घातलं. भरलेलाच होता.
पंधरा मिनिटं. वीस.
पदर पाठीला चिकटला, कपाळाचं कुंकू नाकावर आलं,
कोणी उठलं नाही.
इतका वेळ आम्ही देवापुढं कधीच बसलो नव्हतो.

मग सासूबाई बोलल्या, ज्योतीकडं बघतच:
"पेन्शन आहे. सूनबाईची शिवणाची मशीन आहे.
आणि डॉक्टरनं याले वजन कमी करायलाच सांगितलं होतं."

नवऱ्याच्या नाकातून काहीतरी निघालं,
हसू की रडू, कळायच्या आत
मुक्ता फिसकन हसली,
मग मी, मग सगळेच,
घामानं निथळत, पोट धरून,
देवासमोर, लाज सोडून.

सासरे उठले.
"बे, त्या देवालेही गरम होऊन राहिलं असन."
चपला घातल्या,
देव्हाऱ्यासमोरून फटक फटक चालत गेले,
बटण दाबलं.
ज्योत आडवी झाली.
सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत,
फक्त दोन्ही तळव्यांची ओंजळ करून
तिच्याभोवती धरून बसल्या.

बोलल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी.
देवापुढं चपला! चांगला अर्धा तास.
कूलर सुरू होता.
सासरे म्हणाले, आँ?