टेस्ट डोस

हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर,
कातडीखाली थेंबभर औषध.
मुगाएवढा फुगा उठतो.
त्याच्याभोवती निळ्या बॉलपेननं वर्तुळ काढायचं
आणि पंधरा मिनिटं थांबायचं.

मेडिकलमध्ये मी वर्षानुवर्षं हेच केलं.
लाली वर्तुळाबाहेर सरकली, तर केसपेपरवर लाल शाई: देऊ नये.
नाही सरकली, तर ‘चला काका, वळा कुशीवर.’

टांडापेठेचे गुलाबराव निखारे विचारत,
‘सिस्टर, एवढ्याशा थेंबाले काय पाहता?
हत्ती निंघनार हाय काय त्याच्यातून?’
मी म्हणे, हत्ती असता तर दिसला असता, काका.

डॉक्टर खोब्रागडे राउंडला पोरांना सांगायचे,
मी ट्रे धरून मागे उभी:
हा रेणू इतका बारका
की शरीर त्याच्याकडे मान वळवून पाहत नाही.
चौकीसमोरून मुंगी जावी तसा जातो.
पण जाता जाता
रक्तातल्या एखाद्या घरच्या, साध्याभोळ्या प्रथिनाचा
दंड पकडतो,
आणि मग ती जोडी पहारेकऱ्यांना खटकते.
माणूस तर आपलाच,
पण सदऱ्याला हे बटण कुणाचं?

पहिल्या खेपेला काही होत नाही.
फक्त नोंद होते.

मला बाबांची मान आठवायची.
परीट सदऱ्याच्या पट्टीवर बिब्ब्याची खूण घालायचा,
ती जिथं टेकायची तिथं
दर धुण्यानंतर रुपयाएवढं लाल, पाणी सुटलेलं.
माय म्हणायची, दृष्ट लागली तुमाले.
आणि दाराला लिंबू-मिरचीसंगं
बांधायची तोच बिब्बा.

मग माझी बदली टीबी वॉर्डात.
सकाळी सातला स्ट्रेप्टोमायसिन, ओळीनं बेचाळीस खाटा.
कुपीत पाणी, हलवायची, सुई वर धरायची,
बुडबुडा काढायचा.
सुईच्या टोकातून तुषार उडायचा,
दिसेल न दिसेल असा, बोटांवर.
हातमोजे होते, पण ते थिएटरात,
धुऊन, पावडर लावून, वाळत टाकलेले.

अकरा वर्षं.
मग एप्रिलचा एक मंगळवार, पारा चव्वेचाळीसवर,
कूलरची टाकी कोरडी, पंखा नुसता घरघरतोय,
आणि बोटांच्या बेचक्यात खाज.
मी म्हटलं घामोळं असेल.
रात्री दोन्ही पापण्या अशा सुजल्या
की नवऱ्यानं दिवा लावला,
‘काहून वं, रडली काय तू?’

रडले नव्हते.
अकरा वर्षांचे ते सगळे तुषार
ड्यूटी रजिस्टरात कुठंच नव्हते,
अंगानं मात्र टिपून ठेवले होते,
एकही सकाळ न गाळता.

मला रेकॉर्ड रूमला पाठवलं.
तिथं जुन्या फायली, झुरळांची गोळी,
आणि अधूनमधून माझ्याच अक्षरात, लाल शाईत,
देऊ नये.
एकदा निखाऱ्यांची सापडली.
त्यावर लाल काही नव्हतं. बरे होऊन गेले होते.
मी ती थोडा वेळ मांडीवर ठेवली.

परवा मानेवाड्याच्या दवाखान्यात
एका नव्या पोरीनं माझ्या हाताशी सुई आणली.
पर्समधलं कार्ड दाखवलं तिला,
मोठ्या अक्षरात औषधाचं नाव, खाली दोन रेघा.
ती म्हणाली, ‘हे वेगळं आहे मावशी, तरी टेस्ट करू.’
वर्तुळ काढलं. जरा वाकडंच निघालं.
मोबाइल घेऊन उठायला लागली, तशी मी म्हटलं,
बस ना बाई इथंच, पंधरा मिनिटं.

बसली बिचारी.
ती घड्याळ पाहत होती, मी तिची बोटं.
नखांना जांभळी पॉलिश,
आणि मोजे नव्हते.