सुटे पैसे

चौकातून बोझतेपेच्या चढावर डॉल्मुश चालवतो मी,
ट्रॅब्झनमध्ये, एकोणीस वर्षं.
चौदा जागा. पंधरावा उभा राहिला तर मी आरशात बघत नाही.

शेवटच्या थांब्यावर माझी चार कुत्री आहेत.
माझी म्हणजे कुणाचीच नाहीत.
नगरपालिकेने कानात प्लास्टिकचे बिल्ले टोचलेत,
खाटीक इल्यास हाडं बांधून ठेवतो,
आणि रात्री इंजिन बंद झालं की
चौघं माझ्या गुडघ्यांवर उड्या मारतात.
सांगायचं एवढंच, की कुत्र्यांशी माझं वाकडं नाही.

तरी त्या मंगळवारी मी दार उघडलं नाही.
औषधांच्या दुकानासमोर ती उभी,
हातात कडक पट्ट्याचा दांडा, दांड्याला तांबूस कुत्री.
काच खाली करून म्हणालो, जनावर चालत नाही, ताई.
ती म्हणाली, मला दिसत नाही.
मी म्हणालो, गाडी भरली आहे.
मागे सात जागा रिकाम्या होत्या.
तो रिकामेपणा तिला ऐकू आला असावा,
कारण ती हसली.

दुसऱ्या दिवशी शिक्क्याचा कागद घेऊन आली.
कायदा होता म्हणे. मी वाचल्यासारखं केलं,
हिला काय कळणार?
तिने विचारलं, मी सुलटा दिलाय ना?
उलटा होता.
मुकाट दार सरकवलं.

हिदायेतकाका दुपारच्या नमाजाला निघालेले, वजू ताजा.
त्यांनी दोन्ही पाय सीटवर घेतले, शाळकरी पोरासारखे.
मागून कुणीतरी म्हणालं, उद्या गाढव आणाल.
हसू आलं गाडीत. कोण हसलं म्हणून आरशात पाहिलं,
तर मीच.

कुत्री सीटखाली शिरली, हनुवटी तिच्या बुटावर टेकली,
आणि चढ संपेपर्यंत कुणाकडे म्हणून बघितलं नाही.
माझ्याकडेही नाही.
सिग्नलला मी चुटकी वाजवली,
खिशातला सॉसेजचा तुकडा दाखवला.
एक कान हलला. बस.
खरं सांगतो, दार न उघडल्याची लाज वाटली नव्हती
तेवढं हे लागलं.
एकोणीस वर्षांत पहिलं कुत्रं,
ज्याला माझ्याकडून काहीच नको होतं.
"कामावर आहे ती," बाई म्हणाली, "तुम्ही आहात तशी."

आमच्याकडे भाडं मागून पुढे येतं, हातोहात, खांद्यांवरून,
आणि सुटे त्याच वाटेने परत जातात.
तिची नोट निघाली.
एका पोराकडून नर्सकडे, नर्सकडून हिदायेतकाकांकडे.
काका थबकले. मग बाही ओढून,
कापडाच्या चिमटीत धरून त्यांनी ती पुढे दिली.
सुटे परत जाताना
बाही मनगटावर घसरली होती.
त्यांनी वर ओढली, खाली ओढली,
आणि नाणी उघड्या तळव्यावर घेतली.

आता उन्हाळा आहे. बाकिर सगळ्यांची झाली आहे.
बाकिर म्हणजे तांबं; रंगावरून ठेवलंय नाव.
गाढववाला तिचे फोटो बायकोला पाठवतो.
नर्सने तिच्यासाठी लोकरीचं जाकीट विणलं, ऐन जुलैमध्ये.
पोरं वाकून कुरवाळतात, आणि वरून
बाईचा आवाज येतो, रोज, बारीक,
"कामावर आहे, कामावर आहे,"
जसा मी म्हणतो, दार सांभाळा.
कुणी ऐकत नाही, ना तिचं ना माझं.
हिला कुठे उतरायचंय, असं मला विचारतात,
कधी थेट बाकिरला विचारतात.

काल थांब्यावर कुणी नव्हतं.
हँडब्रेक ओढून थांबलो. मागे भोंगे.
हिदायेतकाका म्हणाले, थांब, येईल.
दुकानदार पायरीवर आला,
"कुणाची वाट बघतोयस एवढी?"
मी तोंड उघडलं.
कुत्रीचं नाव आलं.