दातांचा रकाना

तेरा महिन्याचा झाला प्रज्योत
अन् तोंडात एक दाना नाई.
हसला का नुसता हिरडा, गुलाबी,
पेरून ठेवलेल्या वाफ्यावानी.

कारनं सांगाले गाव पुरलं नाई,
शेंदूरजन्यावरूनबी आले.
हापशीवरची सुभद्रा म्हने, आरसा दाखोला असन.
चक्कीवाला म्हने, पोटुशी असतानी माती खाल्ली असन तुनं.
(खाल्ली होती. भित्ताडाची, ओली, पोपडा काढून.
पन त्याले कोनं सांगतलं?)
जाऊ काहीच नाई म्हनली,
तिच्या पोरीचे सहा दात
मोजून दाखोले तिनं, दोनदा.

रातच्यानं मोबाईलच्या उजेडात
मी बोट फिरवतो हिरड्यावर.
त्याले वाटते, दूध.

वरुडच्या दवाखान्यात डॉक्टरीन बाईनं
कागुद उलटा-सुलटा करून पाह्यला.
"आठव्यातच झाला ना हा?
मंग तेरा काहून मोजता, अकरा मोजा."
अन् पेनानं दोन महिने खोडले.
ते दोन महिने तो अमरावतीले
काचेच्या पेटीत होता, नाकात नळी,
अन् मी दाराच्या फटीतून पाहो.
असे कसे खोडता, बाई?

मंग इचारलं, बापाले दात कवा आले?
मी ह्यायच्याकडं पाह्यलं, ह्यायनं भिंतीकडं.
पांढुर्ण्याले फोन लावला, नणंदेले, स्पीकरवर.
"अवं, दीड वर्साचा होईस्तोर बोळकंच होतं त्याचं!
भाकर मीच चावून भरवो,
अन् आता म्हंतो, ताई, उष्ट्या गिलासात पानी नोको देऊ."
अडतीस वर्साचा मानूस
लोखंडी स्टुलावर बसल्या बसल्या
कानापरेंत लाल झाला.

रगत नेलं लेकराचं, थायराईडसाठी.
तीन दिवस भाकर गिळली नाई मले.
बरं निघालं.

पन एक गोष्ट राह्यली होती.
"उन्हात नेता का ह्याले?"
मी गप.
पेटीतून घरी आला तवापासून
खिडकीले पोतं, दाराले पडदा,
हवा लागन म्हनून, नजर लागन म्हनून.
आमच्या इथं मे महिन्यात
डांबर चपलेले चिकटते,
चिमन्या नळाच्या तोटीले लटकते,
अन् माह्या लेकराले
ऊन कमी पडलं.

थेंब देले तिनं. बाकीचं म्हने
मेडिकलात भेटत नाई, सकायी आंगनात भेटते.

आता सात वाजता उघडा-नागडा बसवतो त्याले
वाळत घातलेल्या तुरीच्या बाजूले.
तो तुरी उधळते, मी येचतो.
पोतं काढलं तवा खिडकीत
मले माहीत नसलेलं कडुलिंबाचं खोड निघालं,
त्याच्यावर मुंग्यायची रांग, जुनी असन.

काल वानखडे बाई आल्या, अंगनवाडीच्या,
मोठं रजिस्टर घेऊन. वजन लिवलं, उंची लिवली.
दातांच्या रकान्यात शून्य नाई घातला,
पेन्सिलीनं बारकासा ठिपका देला.
म्या म्हटलं, हे काय?
"दाना दुधावर हाय अजून," म्हने,
"पेनानं लिवलं का मंग खोडता येत नाई."

प्रज्योतनं पेन्सिल ओढली,
मागचं टोक तोंडात घातलं,
अन् डोये बारीक करून
चावल्यावानी केलं.